बदकाच्या बुडाला भोक

माझ्या भावाने आणि मी मिळून एक अख्खी बोट दुरुस्त केली, आणि शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला मात्र अजून ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच्यावर, माझ्यावर, आणि सगळ्यात जास्त त्या हार्डनरच्या बाटलीवर.

भांडण जुनं. आई गेली तेव्हा मी परगावी कामाला होते. ती आजारी होती हे मला माहीत होतं, पण आता काही खरं नाही हे दादाला कळलं होतं आणि त्याने मला कळवलं नाही. "तू घाबरून सुसाट गाडी हाणत आली असतीस," हे त्याचं कारण. मी पोचले तेव्हा आईची गादी गच्चीत उन्हात टाकलेली होती. मी त्या गादीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि बोलणं बंद केलं. तोही कमी नाही. त्यानेही बंद केलं. मधे वहिनी बिचारी इकडचं तिकडे करून करून थकली.

बोट म्हणजे बदक. फायबरची, शिडाची, वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान. बाबांनी ती ज्याच्याकडून घेतली त्याला बोट लागायची. पाण्यात नुसतं पाऊल टाकलं तरी उलटी. ती चालताना मागचा भाग डुलवत चालते म्हणून बदक. बाबांनी आम्हा दोघांना त्या बदकात वाढवलं म्हटलं तरी चालेल. बंदरातून निघायचं, बाहेर पाण्यात तरंगणाऱ्या तांबड्या बोयाला वळसा घालायचा आणि परत यायचं, हा आमचा सुट्टीचा ठरलेला उद्योग.

बदकात बाबांचे नियम चालायचे. घरी त्यांना अहोजाहो, बदकात कुणालाच नाही, कारण बाबा म्हणायचे, "अहो-अहो करेपर्यंत काठी डोक्यात बसते." शिडाखालची ती आडवी काठी बोट वळताना या बाजूची त्या बाजूला सपकन जाते. एकदा ती दादाच्या तोंडावर बसली आणि त्याचा समोरचा दात अर्धा गेला. तेव्हापासून बाबांनी कायदाच केला. सुकाणूवरच्या माणसाने "वळवू?" विचारायचं आणि बोटीतल्या प्रत्येकाने "वळव!" म्हणायचं. एकानेही म्हटलं नाही तर वळायचं नाही. मग पुढे खडक असो नाहीतर धक्का.

दुरुस्तीलाही हाच कायदा. फायबरच्या कामात रेझिन असतं, पातळ मधासारखं. त्यात हार्डनरचे मोजके थेंब पडले की ते आळायला लागतं आणि दगड होतं. थेंब पडले की टाकणाऱ्याने ओरडायचं, "पडलं!" आणि दुसऱ्याने उलट ओरडायचं, "पडलं!" बोटी दुरुस्त करायच्या यार्डातले लोक आम्हाला पोपट म्हणायचे.

तर आता बाबांची फुप्फुसं गेली होती. खिडकीजवळ खुर्ची, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, नाकात नळ्या. दोन वाक्यांच्या मधे थांबून दम घ्यायचे. डॉक्टर आम्हाला बाहेर बोलावून म्हणाले, "पुढच्या हंगामाचा विचार करू नका. काय करायचं असेल ते आत्ता करा." आत आलो तर बाबा आमच्या तोंडाकडे बघत होते. माणूस काय आंधळा आहे? म्हणाले, "मला एकदा बदकात बसवा. शीड चढवून. सुकाणू माझ्या हातात. तांबड्या बोयाला वळसा." थांबले. "नुसती धक्क्याला बांधलेली दाखवाल तर याद राखा."

बदक यार्डात कित्येक वर्षं लाकडी टेकूंच्या घोड्यांवर चढवून ठेवलेलं. आणि त्यात यार्ड बंद होणार होतं. उधाणाची भरती आली की क्रेन शेवटच्या बोटी पाण्यात सोडणार, त्यानंतर क्रेनही जाणार आणि उरलेल्या बोटी कापणार. म्हणजे उधाणाच्या दिवशी बदक पाण्यात गेलं तर बाबा सुकाणूवर, नाहीतर कधीच नाही.

आम्ही गेलो. वेगवेगळ्या गाड्यांनी गेलो.

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बूड ठोकून बघत गेले. टक, टक, टक, टक. आणि एका घोड्याची फळी जिथे टेकली होती तिथे थप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. दादाने दुसऱ्या बाजूने येऊन तिथेच ठोकलं. थप. मान हलवली आणि ग्राइंडर लावला. आतून तपकिरी पाणी आलं, व्हिनेगरसारखा वास मारणारं. सडका भाग कापत कापत गेलो तर जेवायच्या ताटाएवढं भोक पडलं. मी तोवर बोटीत चढून बसले होते, त्या भोकातून मला दादाचं टक्कल दिसत होतं. एरवी मी पोट धरून हसले असते.

काम कसं चालायचं ते ऐका. क्रेनवाला आमच्या मधे उभा.

"त्याला सांगा, कडा अजून घासायला हव्यात," मी म्हणायचे.

"तिला सांगा, मला कळतं," दादा म्हणायचा.

दोघांत अंतर हातभर. शेवटी क्रेनवाल्याने हात जोडले. "मी क्रेन चालवतो हो, टपाल नाही." आणि गेला निघून. मग आम्ही खुणांवर आलो. वहिनी दोन डबे पाठवायची, अगदी एकसारखे, कुणाला कमी-जास्त वाटायला नको म्हणून. आम्ही बोटीच्या दोन बाजूंना बसून ते खायचो. पण काम चोख होतं, हे मी सांगणारच. डोलकाठीच्या तारा बदलल्या, शिडाचा उसवलेला भाग मी हाताने शिवला, बोटं सोलवटून घेतली, दादाने सुकाणूचा दांडा नव्या लाकडाचा घडवला आणि त्याला बाबांची पकड बसेल असा मधे बारीक केला. तो दांडा हातात घेऊन बघितला तेव्हा मला त्याला काहीतरी म्हणावंसं वाटलं होतं. नाही म्हटलं.

मग भोक भरायचा दिवस आला. दादा खाली फळीवर रेझिन डब्यांत ओतून शिडीवरून मला वर द्यायचा. मी आत बसून काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन मुरवायचं, रोलरने हवा काढायची, मग वर दुसरी मॅट. थरावर थर. हार्डनरची बाटली शिडीच्या मधल्या पायरीवर, दोघांच्या हाताला येईल अशी.

आणि इथे घात झाला. दादा बाबांच्या हाताखाली शिकला तेव्हा थर लावणारा माणूस आपला हार्डनर आपण टाकायचा, कारण आपला हात किती चालतो ते त्यालाच ठाऊक. मी हाताशी यायला लागले तोवर बाबांची नजर मंदावली होती, त्यांना थेंब मोजता यायचे नाहीत, म्हणून खालचाच माणूस टाकून वर द्यायचा. एकाच बापाची दोन पोरं, दोन काळांत शिकलेली. दादाला वाटलं मी टाकतेय. मला वाटलं तो टाकून देतोय. "पडलं" कुणी ओरडलं नाही. त्याला वाटलं, फुगलीय, ओरडत नाही. मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी हाताचं बोट लावून बघितलं, चिकट. हवा गार होती. गारठ्यात वेळ लागतोच. दादाने घरचा हीटर आणून लावला. तिसऱ्या दिवशी चिकट. मी गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. संध्याकाळी बाबा विचारायचे, "किती राहिलं?" मी सांगायचे, "वाळतंय." दादा त्याच्या वेळेला जाऊन सांगायचा, "वाळतंय." बाबांचा आवाज रोज थोडा बारीक होत होता. मला रात्री डोळा लागायचा नाही. मी देवाला, गारठ्याला, रेझिन विकणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

उधाणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती बाटली सहज उचलली. जड लागली. झाकणाभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं जसंच्या तसं होतं. बाटली कुणी उघडलीच नव्हती.

"दादा!" मी ओरडले.

तो बोटीखालून बाहेर आला. मी त्याला हाक मारली हे आधी त्याला कळलंच नाही, तो मागे वळून बघायला लागला.

"हार्डनर कुणी टाकलं?"

"तू."

"मी? मी कशाला टाकू? तू टाकून देत होतास ना!"

"मी? लावणारा टाकतो! बाबांनी काय शिकवलंय?"

"मला नाही असं शिकवलं!"

"मग ओरडली का नाहीस?"

"तू का नाही ओरडलास?"

मग आम्ही ओरडलोच. इतक्या वर्षांचं सगळं एकदम. आई, गच्चीतली गादी, फोन, त्याची अक्कल, माझी जीभ. समोरच्या बोटीवरचा रंगारी काम टाकून निघून गेला. शेवटी दादा शिडीच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "संपलं गं," म्हणाला. "बाबांना काय सांगू मी?" एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

"रडायचंय ते नंतर रड," मी म्हटलं. "पत्रा घे. खरवड."

थर उपटले. चिंध्यांनी अ‍ॅसिटोन चोळला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता, हाताला, केसांना, भुवयांना चिकटा. खरवडायचं, पुसायचं, परत खरवडायचं. ते चिकट रेझिन फायबरच्या बारीक भेगांत शिरलेलं असतं, एका दिवसात जात नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. पण एकच दिवस होता. उजेड जाता जाता दादाने नवा डबा भरला, बाटलीचं कडं तोडलं आणि ओरडला, "पडलं!"

"पडलं!" मी आतून ओरडले. प्रत्येक डब्याला. माझा आवाज फाटला तरी ओरडत होते.

सकाळी ते दगड झालेलं होतं. दादाने मुठीने ठोकलं. टक, टक, टक. कडेला आला, आणि थप.

मी ऐकलं. त्यानेही ऐकलं.

"धरणार नाही," मी म्हटलं.

"बोयापर्यंत धरेल."

"आणि परत यायला?"

"बादली आहे."

क्रेनवाला पट्टे घेऊन उभा होता. भरती चढत होती. दादा म्हणाला, "बाबांना सांगायचं नाही." आणि बोलून गेल्यावर त्याचं तोंड उतरलं. त्याला काय आठवलं ते मला कळलं. मलाही तेच आठवत होतं. मी म्हटलं, "नाही सांगायचं. चल."

बाबांना क्रेनवाल्याने आणि दादाने खुर्चीसकट उचलून आणलं. काय वजन राहिलं होतं? जॅकेट घातलं तर जॅकेटच मोठं. नळकांडं मी पायाशी दोरीने बांधलं. बाबांनी नव्या दांड्यावरून हात फिरवला, बारीक केलेल्या जागी बोटं बसवली आणि दादाकडे बघून म्हणाले, "ठोंब्याने केलेलं दिसतंय. बरं केलंय." दादा दुसरीकडे बघायला लागला.

शीड चढलं. वारा भरला तसं बदक एका कुशीला झुकलं, आणि बूड डुलवत निघालं. अगदी तसंच. बाबांनी डोळे मिटून घेतले. गालांवर रंग आला, खोटं नाही सांगत. त्यांनी शिडाकडे न बघता, नुसता मानेला लागणारा वारा जोखून दांडा किंचित ओढला, आणि बदक सरळ रेषेत पळायला लागलं. ज्या माणसाला घरी चमचा जड होत होता, तो माणूस बोट चालवत होता. मी मनात म्हटलं, घे. पाहिजे तेवढं घे.

मी बदकाच्या छोट्याशा केबिनच्या दाराला पाठ लावून बसले होते, मुद्दाम. माझ्या मागे, आत, फळीखाली पाणी बोलायला लागलं होतं. आधी थोडं. मी पाठीमागे हात नेऊन डब्याने उपसून हळूच बाहेर टाकत होते. बाबांनी विचारलं तर सांगणार होते, शिंतोडे आलेत. दादा शिडाची दोरी धरून माझ्याकडे बघत होता. भुवई उडवून विचारलं, किती? मी हाताने दाखवलं, एवढं. मग, एवढं. कड सुटत होती. बोट झुकली की त्या बाजूला जोर येत होता आणि पाणी नळ सोडल्यासारखं येत होतं.

तांबडा बोया दिसायला लागला. माझा जीव टांगणीला. पोच गं बाई, पोच, एवढी एकदा पोच. मी आता चोरून नाही, उघड उपसत होते, दोन्ही हातांनी. फळी तरंगली. पाणी दारातून बाहेर आलं, माझ्या टाचांना लागलं, मग बाबांच्या पायांना. गार पाणी. बाबांनी डोळे उघडले.

मोज्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. दादाकडे.

"मला धक्क्यावरच हे पाणी ऐकू आलं होतं," म्हणाले. दम घेतला. "म्हटलं... बघू कुठवर नेतं."

"बाबा, होईल," मी म्हटलं. "समोर तर आहे बोया. आम्ही उपसतो. तू धरून बस नुसतं."

त्यांनी मागे वळून धक्क्याकडे बघितलं. किती लांब आलो, परत पोचता येईल का, ते जोखलं. मग आमच्या दोघांच्या मधली जागा बघितली, त्या दांड्याच्या पलीकडची, जिथे आम्ही लहानपणी बसायचो. दोन्ही हात दांड्यावर घेतले.

"वळवू?" त्यांनी विचारलं.

दादाने डोळे पुसले. "वळव," म्हणाला.

मी बोलले नाही.

बाबा थांबले. त्यांचाच कायदा. मी "वळव" म्हटल्याशिवाय ते दांडा ढकलणार नव्हते. आणि मी गप्प बसेन तेवढा वेळ बदक पुढेच जाणार होतं, बोयाकडे. मी ओठ घट्ट मिटले आणि उपसत राहिले. बोया मोठा होत होता. त्याच्यावरचं गंजलेलं कडं दिसलं, त्याच्यावर बसलेला पक्षी दिसला. पाणी माझ्या घोट्यांच्या वर आलं. बोट जड झाली, डुलायची थांबली.

"बोल ना गं," दादा ओरडला. "अगं बुडू आपण! बोल!"

"नाही बोलणार! एवढंच राहिलंय! एवढंसंच राहिलंय, दादा!"

"मिरचे," बाबा म्हणाले. मला लहानपणी म्हणायचे तसं. रागावले नव्हते. ओठ निळे पडले होते आणि ते हसत होते, त्या गधड्या पाण्यात पाय ठेवून हसत होते. "छान आणलंत. दोघांनी." दम लागला. बराच वेळ लागला. मग त्यांनी परत विचारलं, अगदी नियमाने, जसं काही आम्ही अजून शाळेत होतो आणि घरी आई जेवायची थांबली होती.

"वळवू?"

मी डबा खाली ठेवला. हे म्हटलं की संपलं, परत बोया नाही, परत बदक नाही, परत हा माणूस दांड्यावर नाही, हे मला दिसत होतं. पक्षी उडाला.

"वळव," मी म्हटलं.

"वळलो," बाबा म्हणाले आणि दांडा ढकलला. आम्ही तिघांनी एकदम माना खाली घातल्या, आणि काठी आमच्या डोक्यांवरून त्या बाजूला गेली.